गाडा आणि नळा

चैत्र लागला म्हणजे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गावोगावच्या यात्रांना बहर येतो. रब्बीचे धान्य खळ्यावरून घरी आलेले असते, विहिरींचे पाणी खोल गेलेले असते, आणि ग्रामदैवताची पालखी निघण्याच्या आगेमागे सारा गाव एका चढणीच्या दोन्ही अंगांना लोटतो. या चढणीला तिकडे 'घाट' म्हणतात. हा घाट सह्याद्रीतील घाटवाटांपैकी नव्हे. बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी मुद्दाम आखलेली ती धावण्याची वाट होय. एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडीवरचा स्वार, त्याच्या मागे शेपट्या उभारून उधळलेले बैल, वर धुळीचा लोट, कानांत हलगीचा कडकडाट. आणि पंधरा-वीस सेकंद होतात न होतात तोच सारे संपलेले असते. मग बैलांच्या कपाळी गुलाल लागतो, गाडामालकाच्या डोक्याला फेटा बांधला जातो. त्या बैलांच्या मागून उड्या घेत गेलेल्या लाकडी वस्तूकडे मात्र कोणी वळूनही पाहत नाही.

वस्तुतः त्या वस्तूचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ती शक्य तितकी हलकी असावी आणि शक्य तितकी टिकावी, अशा दोन परस्परविरोधी मागण्या तिच्याकडून केल्या जातात. लाकूड कमी करावे तर बळकटी जाते. बळकटी राखावी तर वेग जातो. हा पेच कसा सोडविला गेला, हे पाहू लागले म्हणजे शर्यतीच्या मैदानापासून दूर, सुताराच्या पडवीत आणि लोहाराच्या भात्यापाशी जावे लागते.

प्रथम शब्दाचीच मौज पाहावी. मराठीत 'गाडा' म्हटले की जड ओझे डोळ्यांपुढे उभे राहते. संसाराचा गाडा ओढावा लागतो, राज्याचा गाडा हाकावा लागतो. 'गाडी' लहान आणि 'गाडा' मोठा, हा भाषेचा सामान्य नियम. परंतु जुन्नर-आंबेगावात शर्यतीचे जे सर्वांत हलके वाहन, त्यालाच 'गाडा' हे भारदस्त नाव मिळाले आहे. मालाच्या गाडीत जे जे ओझे पेलण्यासाठी असते ते ते येथे काढून टाकलेले असते. धान्याची पोती रचण्याची साटी नाही, बाजूचे उंच खुंट नाहीत, कडब्याचा भार सांभाळणाऱ्या जाड दांड्या नाहीत. उरतात ती दोन चाके, एक आख, बेताच्या जाडीचा सांगाडा आणि जू. हलकेपणा हा काही जोडून आणावयाचा गुण नव्हे. जे अनावश्यक ते निग्रहाने वगळल्यावर जे शिल्लक राहते त्याचे ते नाव आहे.

या भागात चाकाचा इतिहास वाटतो तितका जुना नाही. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा म्हणून मानला जाणारा लेख आहे. अश्वमेधादी यज्ञांचा आणि त्या प्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांचा हिशेब त्यात आकड्यांनिशी कोरलेला आहे. एवढे वैभव ज्या वाटेवरून गेले ती वाट मात्र दगडी पायऱ्यांची होती. तेथून माल जाई तो बैलांच्या पाठीवरून. गोण्या लादलेले बैलांचे तांडे हेच दख्खनच्या व्यापाराचे शतकानुशतके मुख्य वाहन होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही गावात गाडे थोडे असत आणि जे असत ते भरीव चाकांचे, अतिशय जड आणि अनेक बैलांच्या बळाने हलणारे. ते टिकत खास. पण त्यांचे टिकणे दगडाच्या टिकण्यासारखे होते. ते मोडत नसत, कारण ते फारसे चालतच नसत.

१८३० नंतरच्या दशकात पुणे व सोलापूर भागांत जमीनमोजणीचे आणि सारा ठरविण्याचे मोठे काम सुरू झाले. त्या कामावरचे गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले की, शेतकऱ्याचा माल बाजारात नेणारे हलके व स्वस्त वाहनच या मुलखात नाही. गेसफर्डने आऱ्यांच्या चाकांची सुधारलेली गाडी तयार केली, आणि अशा गाड्या बांधण्याचा कारखाना सोलापूरकडील टेंभुर्णी येथे निघाला. पुढे सडका झाल्या, आणि गाडी एका जोडीने ओढावयाची, हे दख्खनमध्ये नित्याचे होऊन बसले. मंचर आणि नारायणगाव ही पुणे-नाशिक रस्त्यावरील बाजाराची ठिकाणे याच चाकांवर भरभराटली. ज्याला आज परंपरेने चालत आलेला गाडा म्हणतात त्याच्या अंगी एवढी चपळाई येण्यास आऱ्यांचे हलके चाक सर्वत्र पोचावे लागले, हे विसरता कामा नये.

आता हे चाक टिकते कसे ते पाहावे. तुंबा, आरे आणि परिघाची वाकडी लाकडे असे त्याचे तीन लाकडी भाग. या कामाला दख्खनमध्ये बाभळीसारखे दुसरे लाकूड नाही. ते घट्ट, चिवट आणि हिसका सोसणारे. शिवाय बांधाबांधावर मिळणारे. चांगला सुतार ते तोडल्या तोडल्या वापरीत नाही. ओंडका काही काळ पाण्यात मुरवावयाचा, नंतर सावलीत सावकाश वाळू द्यावयाचा आणि मग त्याला हत्यार लावावयाचे, अशी रीत. या तीन भागांना एकत्र आवळून धरते ती वरची लोखंडी पट्टी. तिला 'धाव' म्हणतात. पळण्यालाही धाव आणि चाकाच्या लोखंडालाही धाव! भाषेने येथे कारण आणि कार्य यांना एकच नाव देऊन टाकले आहे.

ही धाव चढविण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. तिचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवतात. मग तिच्याभोवती गोवऱ्या रचून तिला लाल होईपर्यंत तापवितात. लोखंड तापले की वाढते. चार फूट व्यासाच्या चाकाला सुमारे साडेबारा फुटांची पट्टी लागते. ती सहाशे अंशांनी तापविली तर तिची लांबी जवळजवळ एका इंचाने वाढते. एवढ्या एका इंचाच्या आधारावर सारे काम चालते. लाल झालेली धाव सांडशीने उचलून चाकावर बसवितात आणि तत्काळ पाणी ओततात. लोखंड आकसते, परिघाची लाकडे आत ढकलली जातात, आरे तुंब्यात कचकन रुततात, आणि क्षणापूर्वी सैल असलेले ते चाक एकजीव होते. खिळ्यांनी जे साधणार नाही ते या आकुंचनाने साधते. हलक्या चाकाचे बळ लाकडाच्या जाडीत नसून या ताणात असते.

परंतु ताण हा कायमचा ठेवा नव्हे. लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. लोखंडी धाव मात्र उन्हाने उलट किंचित वाढते. म्हणजे चैत्र-वैशाखात चाकाचे लाकूड बारीक होते, धाव सैल पडते आणि आरे खुळखुळू लागतात. यात्रांचा हंगाम तोच, शर्यतींचा हंगामही तोच. ज्या दिवसांत गाड्याकडून जास्तीत जास्त अपेक्षा करावयाची, नेमक्या त्याच दिवसांत तो सर्वांत दुबळा असावयाचा, असा हा निसर्गाचा डाव आहे.

यावर गाडीवानांचा सोपा उपाय म्हणजे चाके पाण्यात बुडवून ठेवणे. लाकूड फुगते, आरे घट्ट होतात आणि काम भागते. पण हा उपाय उसनवारीचा आहे. धावेच्या पकडीत फुगणाऱ्या लाकडाला बाहेर जाण्यास वाव नसतो. त्याचे तंतू जागच्या जागी चेपले जातात, आणि पुन्हा वाळले म्हणजे ते पूर्वीपेक्षाही अधिक सैल होते. जाणता माणूस म्हणून चाकावर कान ठेवून वागतो. आऱ्यावर हलकी टिचकी मारावी: खणखणीत आवाज आला तर सांधा घट्ट, बद्द आवाज आला तर सांधा ढिला. ढिला असल्यास धाव उतरवून, कापून, पुन्हा जोडून आणि तापवून चढविणे हाच खरा उपाय. त्याला वेळ लागतो, इंधन लागते आणि दोन कारागीर लागतात. म्हणूनच तो पुढे ढकलण्याचा मोह होतो. आणि पुढे ढकललेली डागडुजी शेवटी घाटात, सर्वांच्या देखत, आपले देणे वसूल करते.

मालाच्या गाडीला ओझे मोडते. शर्यतीच्या गाड्याला हिसका मोडतो. रिकामा हलका गाडा बैलांच्या मागे सरळ लोळत जात नाही, तो उडतो आणि आपटतो. प्रत्येक आपटीचा आघात एखाद-दुसऱ्या आऱ्यावर, आखाच्या टोकावर आणि चाक अडकवून धरणाऱ्या खिळीवर येतो. गाड्याची धाव काही सेकंदांची असते हे खरे. पण त्या सेकंदांत तो टिकेल की नाही, हे उरलेल्या वर्षभरात गोठ्याशेजारच्या पडवीत ठरलेले असते.

हा अनुभव एकट्या जुन्नर-आंबेगावचा नाही. १९२२ साली हॉवर्ड कार्टर याला मिसर देशात तूतनखामेन राजाचे थडगे सापडले, त्यात सहा रथ होते. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे हे रथ अतिशय हलके. वाकविलेले लाकूड आणि कातडे यांचे ते काम होते. ओले कातडे आवळून बांधावे आणि वाळू द्यावे म्हणजे ते आकसून सांधा घट्ट धरते. लोहाराने अग्नीकडून जे करून घेतले ते त्या कारागिरांनी उन्हाकडून करून घेतले होते. ते रथ टिकले याचे कारण मात्र निराळे: कोरड्या काळोखात ते निश्चल पडून होते. चालत्या रथांची खरी हकीकत ग्रीस देशातील पायलॉसच्या राजवाड्यातील मातीच्या पाट्या सांगतात. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास वाडा जळाला आणि त्या आगीत पाट्या भाजून टिकल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने त्यांची लिपी उलगडली, तेव्हा असे दिसले की, कारकुनांनी चाकांच्या याद्याच स्वतंत्र ठेवल्या होत्या: ही कामाची, ही निकामी, ही जुनी. युद्धाच्या वर्णनात रथी दिसतो. कारभाराच्या वहीत चाक दिसते.

मोटारींच्या युगातही हा नियम बदललेला नाही. इंग्लंडातील मॉल्व्हर्न येथील मॉर्गन कंपनीने १९३६ साली आपली पहिली चारचाकी क्रीडामोटार बाजारात आणली. तिच्या पत्र्याखालचा सांगाडा ॲश नावाच्या चिवट लाकडाचा असे, आणि ती प्रथा त्या कारखान्याने पुढेही सोडली नाही. अशा हलक्या मोटारीचा शत्रू वेग नव्हे. सांध्यात साचून राहणारे पाणी आणि न चालविता उभे ठेवणे हे तिचे शत्रू होत. जड यंत्र दुर्लक्ष काही काळ पोटात घालते, हलके यंत्र ते लगेच बोलून दाखविते. हा त्याचा दोष म्हणावा की प्रामाणिकपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जुन्नर-आंबेगावात हा सांभाळ पूर्वी कोणाच्या हातून होत असे? गावगाड्याच्या जुन्या व्यवस्थेत लाकडाचे काम सुताराचे, धाव आणि आखाचे लोखंड लोहाराचे, कातडी पट्टे चांभाराचे आणि दोरखंड मांगाचे. असा तो गाडा म्हणजे चार बलुत्यांची बेरीज होती. वर्षभराची डागडुजी करावी आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा न्यावा, हा व्यवहार. यात एक मोठी सोय होती: दुरुस्तीचा मोबदला मोडण्यावर अवलंबून नसल्यामुळे वस्तू मोडण्यापूर्वीच ती नीट करण्यात कारागिराचेही हित असे. तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना दुसरी बाजू झाकून ठेवणे रास्त होणार नाही. गुलाल गाड्याच्या मालकाला लागे. ज्याने आरा ठोकला आणि ज्याने दोर वळला त्याचा वाटा जातीने ठरलेला असे, आणि तो वाढवून मागण्याची सोय त्याला नसे. रोख पैसा आणि शहराची वाट खुली झाल्यावर त्या घरांतील मुलांनी ते काम सोडले, यात नवल नाही. मात्र त्यांच्याबरोबर त्यांचे ज्ञानही गेले. कारण ते वहीत नव्हते, हातांत होते.

त्यातच शेतीचे रूप पालटले. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आदी धरणे झाली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गावच डिंभ्याच्या जलाशयाखाली गेले. कालव्यांनी ऊस आणि भाजीपाला आणला, आणि नांगराला ट्रॅक्टर आला. मालाच्या गाडीला रबरी चाके लागली, पुढे ती गाडीही मागे पडली. बैलाचे शेतातील काम कमी होत गेले, तसतसा यात्रेतला गाडाच त्याच्या पालनाचे एक मोठे निमित्त होऊन राहिला. चपळ, काटक अशा खिलार जातीची मागणी या शर्यतींशी निगडित झाली ती यामुळेच.

मग बंदी आली. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, प्रदर्शन आणि खेळ यांसाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. बैल हा शरीररचनेने शर्यतीचा प्राणी नव्हे, आणि त्याला पळविण्यासाठी होणारा छळ कायद्याला मंजूर नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींस परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरविला.

या साडेसात वर्षांत उभ्या गाड्यावर जे परिणाम होतात ते कोणाही सुताराला ठाऊक असतात. चालत्या चाकाचा भार आळीपाळीने सर्व आऱ्यांवर येतो. उभ्या चाकाचा भार त्याच दोन-तीन आऱ्यांवर राहतो. जमिनीला टेकलेले लाकूड ओल ओढते, त्याला वाळवी लागते. दर पावसाळ्यात ते फुगते, दर उन्हाळ्यात आकसते, आणि मधल्या काळात त्याला टिचकी मारून पाहणारे कोणी नसते. वंगण वाळून आखावर त्याचे किटण होते. न वापरल्याने वस्तू राखली जाते, हा मोठा भ्रम आहे. राखली जाते ती काळजीने. वापर हे त्या काळजीचे केवळ निमित्त असते.

तथापि या इतिहासातून घ्यावयाचा बोध गाड्यापाशी संपत नाही. गाड्याचा आरा मोडला तर नवा बसविता येतो. धाव सैल झाली तर पुन्हा चढविता येते. बैलाच्या खांद्याला आणि गुडघ्याला तशी सोय नाही. नव्या कायद्याने शर्यतीला हजार मीटरांची मर्यादा घातली, बैलाला मारहाण आणि इजा करण्यास मनाई केली, आणि नियम मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. ही कलमे म्हणजे एका अर्थी सांभाळाचीच कलमे होत. ज्या मालकाला आऱ्याचा बद्द आवाज ऐकू येतो त्याला बैलाचे लंगडणे दिसत नाही, असे होऊ नये. आंबेगाव तालुक्यातील नागापूरच्या थापलिंग गडावर पौष पौर्णिमेला खंडोबापुढे गाडे धावतात ते नवसाचे म्हणून. देवापुढे धावलेला बैल म्हातारपणी कोणाच्या दावणीला असतो, हीच त्या नवसाची खरी फेड म्हणावी लागेल.

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. वंगणाच्या तेलाने भरलेला बांबूचा नळा गाडीला लटकविलेला असे. गाडी देवाला निघाली की आयतीच त्यालाही यात्रा घडे. मोठ्याच्या आश्रयाने लहानाचे काम साधले, एवढाच अर्थ लोक या म्हणीतून काढतात, आणि नळ्याला फुकट्या ठरवितात. पण ज्याने कोरड्या आखाचा करकर आवाज एकदा ऐकला आहे तो असे म्हणणार नाही. नळा बरोबर नसता तर गाडा देवळापर्यंत पोचलाच नसता. आणे-माळशेजच्या वाटेवर असो की घाटाच्या चढणीवर, यात्रा घडते ती नळ्यामुळे गाड्याला.